पायरीचा दिवा

माझी मावशी रागावली की आवाज चढवत नाही. ती वस्तू जागेवर ठेवायला लागते. पक्कड खिळ्याला, चिकटपट्टी खणात, कप धुऊन उपडा. राग जितका मोठा, तितकी खोली नीटनेटकी. काका म्हणतात, "घर चकाचक दिसलं की मी बूटच काढत नाही. दारातूनच परत फिरतो."

मेजर जिन्यावरून पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाट्यगृहातल्या तिच्या लाइटच्या केबिनमध्ये गेले, तर जमिनीवर एकही वायर नव्हती. सगळ्यांची वेटोळी करून हुकांना टांगलेली. मी दारातच थांबले.

"ये आत," ती म्हणाली. "तुझ्यावर नाहीये."

"मग कुणावर?"

"तुला वेळ आहे का तेवढा?"

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मी इथे छोटी-मोठी कामं करायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिला मावशी म्हणून हाक मारली आणि चूक केली. तेव्हापासून दारवानापासून दिग्दर्शकापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात, तिच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे असलेले मेजरसुद्धा. फक्त व्यवस्थापक तिला बाई म्हणतात, आणि ते तिला मुळीच आवडत नाही.

आधी ती विजेची पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिथे मशीन मध्येच सुरू होऊन एका फिटरचं बोट गेलं. मावशीने पॅनेल उघडून दाखवलं की आतली जोडणीच उलटी आहे. साहेबांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि निकाल दिला, फिटरचं लक्ष नव्हतं. मावशीने तिथेच हातमोजे काढून टेबलावर ठेवले, एकावर एक, बोटं सरळ करून, आणि घरी आली. आई अजून सांगते की त्या आठवड्यात त्यांच्या घरात सुईसुद्धा शोधावी लागत नव्हती.

इथे आली तेव्हा दिवे हाताने खालीवर व्हायचे. मग कॉम्प्युटर आला. विकणारा माणूस एक दिवस येऊन कुठलं बटण कशाचं ते दाखवून, चहा पिऊन निघून गेला. त्या कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटी स्क्रिप्टची, म्हणजे हुकूम लिहून द्यायची भाषा आहे आणि तिच्यात हवं ते लिहिता येतं, हे मावशीला पुढे आपलं आपण कळलं. ती भाषा ती स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून, तिच्याशी भांडत शिकली. "सांगितलं तेवढंच करते," ती म्हणायची. "मनाने काही अर्थ लावत नाही. तुझ्या काकांपेक्षा बरी."

आता नाटक नवं असलं की ती त्याचं एक टेबल लिहिते. टेबल म्हणजे बसायचं नाही. कप्प्यांचं कपाट समजा. कप्प्यांवर प्रवेशांची नावं: बाग, बैठक, जिना. प्रत्येक कप्प्यात पुन्हा एक छोटं टेबल, त्यात कुठला दिवा शंभरपैकी किती लावायचा ते. आमच्या चालू नाटकाच्या टेबलाचं नाव तिने साधं सरळ 'प्रयोग' ठेवलं होतं.

त्या नाटकाच्या शेवटी मेजर अंधारात जिना उतरतात. मेजर हे त्यांचं खरं नाव नाही. पूर्वी ते एका नाटकात फौजी अधिकारी झाले होते, ते इतकी वर्षं चाललं की नाटक संपलं तरी त्यांची पाठ काही वाकली नाही. मी खाली मोलकरीण म्हणून ट्रे घेऊन उभी असते. प्रेक्षकांना जिना काळाकुट्ट दिसतो, पण वळणावरच्या पायरीच्या कडेला एक बारीक दिवा लपवलेला आहे. तो तीसवर लागतो. तेवढ्याने मेजरांना पायरीची कड दिसते, बाकी कुणाला काही दिसत नाही.

आदल्या संध्याकाळी तो लागला नाही.

मेजरांचा पाय वळणावर हवेत पडला. मी आवाज ऐकला. मग ते माझ्या पायाशी बसलेले दिसले, मनगट छातीशी धरून. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. संहितेत नसलेलं एक वाक्य त्यांनी अगदी त्याच आवाजात म्हटलं, "ट्रे खाली ठेव, पोरी, आणि बस जरा." मी बसले. उरलेलं भाषण त्यांनी बसूनच केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटलं, असंच बसवलंय.

हाड मोडलं नव्हतं. मनगटाला पट्टी बांधून ते सकाळी हजर झाले आणि व्यवस्थापकांनी आम्हा सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं.

व्यवस्थापकांनी आधी तो दिवा हाताने लावून पाहिला. लागला. मग कॉम्प्युटरवर मावशीची फाइल उघडली आणि मोठ्याने वाचलं, "प्रयोग, जिना, पायरी, तीस." वळून म्हणाले, "दिवा चांगला आहे. आकडा बरोबर आहे. मग उरलं काय?"

त्यांनी मेजरांकडे पाहिलं.

"डोळे," ते म्हणाले. "वय होतं माणसाचं. त्यात कमीपणा नाही. आजपासून मेजरांनी आराम करावा. बदली नट तयार आहे."

"मला आराम नको," मेजर म्हणाले. "तो घरी भरपूर आहे. काम इथेच आहे."

"दिवा लागला नव्हता," मावशी म्हणाली. "मी बटण दाबलं. खिडकीचा लागला, बाजूचा लागला. तो नाही लागला. मी पाहत होते."

व्यवस्थापक तिच्याकडे बघून हसले, समजूतदारपणे. "बाई, तुमचा आणि त्यांचा घरोबा आहे. मी समजू शकतो."

मावशी केबिनमध्ये गेली, आणि त्यानंतर मी तिला त्या टांगलेल्या वायरींमध्ये पाहिलं.

"हे वाच," तिने स्क्रीनकडे बोट केलं. फाइलच्या तळाशी काही नव्या ओळी होत्या. "हे माझं अक्षर नाही."

"टाइप केलेलं आहे, मावशी."

"तरी माझं नाही. चष्म्याला बोलाव."

चष्मा म्हणजे आमचा सहायक दिग्दर्शक. काच इतकी जाड की त्याचे डोळे कायम दचकल्यासारखे दिसतात. आदल्या दुपारी जाहिरातीसाठी नाटकाचं शूटिंग झालं होतं आणि पायरीचा दिवा कॅमेऱ्यात चमकत होता. मावशी शिडीवर होती, म्हणून चष्म्याने स्वतःच तिच्या फाइलमध्ये हात घातला होता. तो आला आणि लगेच सांगायला लागला.

"मी प्रयोगाला हातच लावला नाही. आधी वेगळी कॉपी केली. हे बघा. शूटिंग, बरोबरचं चिन्ह, प्रयोग. मग शूटिंगच्या जिन्यातली पायरी शून्य केली. प्रयोग वर तसाच आहे, तीस."

"तू कॉपी केलीस?"

"हो. शूटिंग नावाची."

"तू फक्त दुसरं नाव दिलंस."

"एकच की."

मावशीने पेन उचलून स्टँडमध्ये ठेवलं. "मला घरी हिचे काका राणीसरकार म्हणतात."

चष्म्याने माझ्याकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस, इकडे बघ. घरी राणीसरकार, इथे मावशी. उद्या घरी राणीसरकारचा पाय मोडला, तर इथे मावशी शिडीवर चढेल का?"

"नाही चढणार."

"का?"

"बाई एकच आहे."

"मग शूटिंगच्या जिन्यातली पायरी विझवलीस, तर प्रयोगाची कुठून पेटेल? टेबल एकच आहे. तू त्याला दोन हाका मारायला लागलास. ह्या ओळींनी वरचे तीस खालच्या खाली शून्य केले, आणि फाइल वाचणाऱ्याला वर तीसच दिसत राहिले. त्या तिसावर म्हाताऱ्याचं काम जातंय."

चष्मा पांढरा पडला. मला वाटलं आता रडेल. पण तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं."

"मी?"

"मागच्या आठवड्यात. तालमीला दिवे भराभर विझवायचे होते. तुम्ही म्हणालात, तालमीचा वेग बरोबर प्रयोगाचा वेग असं लिही, आणि मग तालमीचा बदल. मी केलं. तालमीचा बदलला, प्रयोगाचा तसाच राहिला. मी स्वतः तपासलं होतं, मावशी."

मावशीने स्टँडमधलं पेन काढलं आणि पुन्हा ठेवलं.

"तो आकडा होता," ती म्हणाली. "आकडा दिला की आकडाच जातो. ज्याचा त्याला. टेबल दिलं की टेबल जात नाही. ते कुठे आहे, एवढाच पत्ता जातो."

"पण लिहायचं चिन्ह तेच."

"तेच."

"मग मला कसं कळणार?"

"नाहीच कळणार. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तो मेला विकणारा बटणं दाखवून गेला." चष्म्यावरचा तिचा राग निघून दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसल्याचं मला दिसलं. "जा, चहा पी. आणि परत माझ्या फाइलला हात लावलास तर बोटं टेपने बांधीन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा शूटिंग होतं, म्हणजे चष्म्याची शून्याची ओळ ठेवणं भाग होतं. मावशीने फक्त त्या ओळीच्या वरची ओळ खोडली. तिथे एक नवं कोरं टेबल केलं आणि प्रयोगाचा एकेक कप्पा घेऊन त्यात मांडला. तपासूनही पाहिलं. शूटिंगमधली अख्खी बाग काढून तिथे दुसरीच बाग ठेवली. प्रयोगाची बाग जशीच्या तशी. "झालं वेगळं," ती म्हणाली आणि तिने खुर्ची टेबलाखाली सरकवली. बरोबर मधोमध.

दुपारी तिने व्यवस्थापकांना खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत आणून बसवलं. "डोळे म्हणालात ना. आता तुमचे उघडे ठेवा. काल दिवा कशाने गेला ते सांगितलंय. आज तो का जाणार नाही, ते दाखवते." बदली नट दोन खुर्च्या सोडून बसला होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता. चष्मा रंगमंचाच्या कडेला. मी माझ्या जागेवर, ट्रेशिवाय. मेजर जिन्यावर वर उभे, पट्टी बांधलेला हात पाठीमागे धरून.

मावशी केबिनमध्ये गेली. सगळे दिवे गेले. स्पीकरवर तिचा आवाज आला, "प्रयोग. जिना."

खिडकीचा दिवा लागला. बाजूचा लागला.

पायरी काळीच राहिली.

मी वळणाकडे बघत राहिले. असं वाटलं की बघत राहिलं तर लागेल. स्पीकर चालू होता आणि मावशी बोलत नव्हती. पण ऐकू येत होतं. पेन स्टँडमध्ये. खण बंद. काहीतरी हुकाला टांगलं.

"बाई," व्यवस्थापक अंधाराला उद्देशून म्हणाले. "आता तर तुमचीच दुरुस्ती आहे ना? मग ते कॉपीचं प्रकरणही खोटंच म्हणायचं."

स्पीकरमध्ये आणखी एक खण बंद झाला.

"साहेब," वरून मेजर म्हणाले, "एक विचारू? आत्ता दिवा लागलाय का?"

"नाही."

"आकडा किती लिहिलाय?"

चष्मा कडेवरून म्हणाला, "तीस."

"आणि दिवा तुम्ही सकाळी हाताने लावून पाहिलात. चांगला आहे म्हणालात."

"हो."

"दिवा चांगला. आकडा बरोबर. मग आता डोळे कुणाचे गेले?"

बदली नटाने मान वर केली. मला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका संताप आला की मी कठडा घट्ट धरला. सकाळपासून एक माणूस सांगत होता की दिसलं नाही, एक बाई सांगत होती की लागला नाही, आणि ते खरं ठरायला तिला सगळ्यांसमोर तोंडावर आपटावं लागलं.

"या ना वर," मेजर म्हणाले. "दुसरा हात देतो. त्याला काही झालेलं नाही."

व्यवस्थापक नको नको म्हणत उठले, पण सगळे बघत होते, तेव्हा त्यांना चढावं लागलं. ते मेजरांशेजारी उभे राहिले. एक पाऊल उतरले. मग वळणाकडे बूट पुढे केला, थोडा वेळ हवेत तसाच धरला आणि मागे घेतला.

एवढ्यात मावशी केबिनमधून खाली आली. तिने कामाचे दिवे लावले. तिचा चेहरा बघून चष्मा दोन पावलं सरकला.

"म्हणजे चूक तुमची," व्यवस्थापक जिन्यावरून म्हणाले.

"काल अर्धी, आज पूर्ण," मावशी म्हणाली. "मला वाटलं, कप्प्यांत सामान असतं. कप्प्यांत किल्ल्या असतात. मी किल्ल्यांचा दुसरा जुडगा केला आणि समजले, दुसरं घर बांधलं. खोल्या त्याच. तपासताना मी ह्या जुडग्यातली एक किल्ली काढून दुसरी अडकवली. त्याने त्या जुडग्याला काय होणार? मग म्हटलं, झालं वेगळं. खोलीत शिरून दिवा विझवून पाहिला असता तर तेव्हाच कळलं असतं. नाही पाहिला. मला तुम्हाला खोटं पाडायची घाई झाली होती."

"तुम्ही कबूल करताय ते बरं आहे."

"करते. आता तुम्ही करा."

"मी?"

"सकाळी सगळ्यांसमोर ह्यांना म्हातारे म्हणालात, आंधळे म्हणालात. ते शब्द मागे घ्या. इथेच, ह्याच सगळ्यांसमोर."

"मी आंधळे असं म्हणालो नाही. जाऊ द्या, झालं गेलं."

"झालं. गेलेलं नाही. तो हात बघा त्यांचा."

व्यवस्थापकांनी हाताकडे बघितलं नाही. कठडा धरून, एकेक पायरी चाचपडत ते खाली आले, आता लख्ख उजेड असूनही. खाली येऊन कोटाची बाही झटकली आणि बक्षीस जाहीर करावं तसं म्हणाले, "आजचा प्रयोग मेजरच करतील." दारापर्यंत गेले आणि थांबले. "आणि पुढच्या नाटकाला लाइटसाठी बाहेरची माणसं बघू आपण. नीट शिकलेली."

"बघा," मावशी म्हणाली. "पण त्यांना पहिल्या दिवशी त्या जिन्यावर उभं करा."

दार बंद झाल्यावर बदली नट उठून मेजरांकडे आला. "मी मागितलं नव्हतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," मेजर म्हणाले. "पाठांतर मात्र सोडू नको. मावशीचा काही भरवसा नाही."

मावशी हसली नाही. ती केबिनमध्ये गेली, चष्म्यालाही बरोबर घेऊन गेली आणि त्यालाच टाइप करायला लावलं. मी दारातून ऐकत होते. "प्रत्येक कप्पा उघड. आत टेबल आहे? मग तिथेही नवं कोरं टेबल कर. त्यातला एकेक आकडा उचलून ठेव. आकडे जातात ज्याचे त्याला. टेबल दिसलं की थांबायचं आणि आत शिरायचं. आता शूटिंगची पायरी शून्य. हं. आता प्रयोग चालव."

मी वळून खाली रंगमंचावरच्या जिन्याकडे पाहिलं. पायरीची कड पिवळी झाली होती.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही. ती स्वतः वर गेली, सगळे दिवे बंद करायला लावले आणि अंधारात उतरली. मग शूटिंग लावायला लावलं आणि चष्म्याला उतरवलं. तो वळणावर बसकण मारून घसरत आला. मग पुन्हा प्रयोग लावून पुन्हा तिने उतरून पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी ती हेच करते. फाइल बदललेली असो नसो.

संध्याकाळी मेजर जिन्यावर आले तेव्हा मी ट्रे इतका घट्ट धरला होता की त्यावरचा पेला किणकिणत होता. वळणावर ते थांबले. नेहमी तिथे थांबत नाहीत. त्यांनी त्या पिवळ्या कडेकडे पाहिलं, पाय ठेवला आणि उतरले. पाठ सरळ. माझ्याजवळून जाताना ओठ न हलवता म्हणाले, "पेला वाजतोय."

नाटक संपल्यावर व्यवस्थापक विंगेत आले. त्यांनी सगळ्यांना छान झालं, छान झालं म्हटलं. मेजरांना फक्त मान हलवून दाखवली आणि पाहुण्यांना घेऊन निघून गेले.

मी वेणी सोडत केबिनकडे गेले. काका न्यायला आले होते आणि माझ्या पुढेच उभे होते, दाराला रेलून. त्यांनी आत डोकावून पाहिलं. जमिनीवर एकही वायर नव्हती. पेनं स्टँडमध्ये. कप धुऊन उपडा.

"म्हणाले का काही ते मेजरांना?" मावशीने पाठमोरीच विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

तिने खणातून फडकं काढलं आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला घेतलं. काका मागे फिरले.

"मी गाडीत बसतो," केबिनचा जिना उतरता उतरता ते म्हणाले. "सावकाश येऊ दे तिला."